कदमनं बॉल टाकलाच नाही

मी शिट्टी बोलतेय. हो, तुमच्याशीच. आधी जरा सरळ उभे राहा. पाय रेषेच्या आत आहे का तुमचा? आहे म्हणताय? बघते मी.

रागावू नका. माझा जन्मच संशयापोटी झालाय. सगळी माणसं नियमानं वागली असती, तर मला कोणी घडवलंच नसतं. जालंधरच्या एका कारखान्यात पितळेचा पत्रा वाकवला, वरून चकचकीत मुलामा दिला, पोटात बुचाची एक गोटी टाकली आणि मला डब्यात भरलं. ती गोटी तेव्हापासून अस्वस्थ आहे. कुठं खुट्ट झालं की हललीच.

मला विकत घेतलं गुणवंत सरांनी. सांगलीच्या एका कॉलेजात ते पोरापोरींना बास्केटबॉल शिकवायचे. सर मला ओठात नाही, दातात धरायचे. माझ्या तोंडाशी त्यांच्या दातांचे दोन खळगे आहेत, मुलामा तिथंच पहिला उडाला. सर बोलायचे फार कमी. पोरं घोळका करून बॉलमागं पळायला लागली की मला वाजवायचे आणि ओरडायचे, "मोकळं कोण आहे ते बघा की रे! मोकळ्याला द्या!" त्यांचं सगळं शिकवणं त्या एका वाक्यात आलं.

आता त्या मॅचबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच आहे. विद्यापीठाची मुलींची फायनल होती, कोल्हापुरात. समोर कोल्हापूरचंच कॉलेज. सांगलीकरांना कोल्हापूरकडून हरणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. शेवटची काही सेकंद उरली होती, आपण एका गुणानं मागं, आणि बॉल आपल्या कॅप्टनच्या हातात. कॅप्टनचं आडनाव कदम. कदमनं बॉल रिंगकडे टाकलाच नाही. मॅच गेली. आणि वर्षाच्या आत कदम कॉलेज सोडून गेली, लग्न करून, तेही कोल्हापुरातच!

झालं! लोकांना आणखी काय पाहिजे? कदमनं मॅच विकली, सासरला आहेर म्हणून दिली, असं जो तो बोलायला लागला.

मी स्वतः तिथं होते का? होते, पण सरांच्या खिशात. मॅच दुसऱ्या पंचांची, शिट्टी दुसऱ्याची. मी रुमालाच्या घडीत पडून फक्त आवाज ऐकले. आधी आरडाओरडा, मग रिंगवर काहीतरी आपटलं, मग कोल्हापूरकरांचा जल्लोष. सर परतीच्या एसटीत एक अक्षर बोलले नाहीत. नंतरही नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मॅच संपली." न बोलणारा माणूस मला कायम संशयास्पद वाटतो, मग तो सर का असेना.

सर निवृत्त झाल्यावर त्यांचा जुना खेळाडू नागेश सुट्टीवर आला होता, त्याच्या हाती सरांनी मला दिलं. "घेऊन जा दुबईला. इथं आता तिला काम नाही." पुढच्याच वर्षी सर गेले.

अशी मी दुबईच्या करामा भागात येऊन पडले. नागेशचा जुना फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली लियाकतभाईचं कॅफेटेरिया. दरवर्षी ऑगस्टमध्ये, तिकडे कॉलेजच्या मॅचेस सुरू व्हायच्या आधी, एका शनिवारी दुपारी आमच्या कॉलेजची जुनी मंडळी इथं जमतात. बाहेर डांबर वितळतंय, आत एसी गुरगुरतोय, खालून दुधाळ, कडक 'करक' चहा वर येतोय, आणि ही माणसं बसून ठरवणार की यंदा आपला संघ कुठवर जाईल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथं उंटही आहेत म्हणा.

नागेशनं नियम घालून दिलाय. शिट्टी ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. आणि ज्याचा अंदाज खरा ठरेल, त्याच्या घरी मी वर्षभर राहायला जाणार. सगळे मॅनेजर, इंजिनिअर, पण माझ्यासाठी पोरांसारखे भांडतात.

त्यामुळे मला तळहात कळतात. पोकळ बढाई मारणाऱ्याचा तळहात कोरडा असतो. ज्याला खरंच आशा असते त्याला घाम सुटतो. संघात यंदा कोण पोरं आहेत हे अर्ध्यांना माहीत नसतं, निकाल मात्र सगळ्यांना माहीत असतो. आणि अंदाज सांगून झाले की गाडी जुन्या खेळाडूंवर येते. अमक्याचा हूक शॉट, तमक्याची उडी. दरवर्षी उडी चार बोटं वाढते. शेवटी येते कदम. ही सगळी मंडळी कदम कॉलेजात यायच्या आधीच नोकरीला लागलेली. कोल्हापूरला त्या दिवशी गेलेलं यातलं कोणीच नव्हतं, पण पाहिलेलं सगळ्यांनी होतं!

त्यातही दत्ताराम सगळ्यांत पुढं. हा अबुधाबीत, अल रीम आयलंडवर राहतो. मोठी गाडी, मोठा आवाज. "कदमनं टाकलाच नाही ना बॉल! हातात धरून उभी राहिली. क्लिअर केस आहे, हबीबी. सेटिंग!" असं तो मांडीवर थाप मारून सांगतो. त्याची बायको रुपाली. ती खरोखरच त्या संघात खेळलेली, म्हणून ग्रुपमध्ये तिचा मान. कोणी विचारतं, "वहिनी, तुम्ही तर होता ना तिथं?" की ती म्हणते, "जाऊ दे ना, जुनं झालं ते," आणि उठून आत जाते.

एक वर्ष दत्तारामचा अंदाज जुळला आणि मी त्यांच्याकडे राहिले. तिसाव्या की कितव्या मजल्यावर, काचेच्या कपाटात, शोभेच्या उंटांशेजारी. रुपाली दर आठवड्याला कपाट पुसायची. उंट उचलून पुसायची, माझ्याभोवती मात्र नुसतं फडकं फिरवायची. मला बोट म्हणून लावलं नाही तिनं. मी मनात नोंद करून ठेवली.

मग मस्कतहून बदली होऊन निखिल आला. आमच्याच कॉलेजचा, पण कॉमर्सचा. ग्राउंडकडे कधी फिरकलेला नाही. मूळचा कोल्हापूरचा, हे कळल्यावर दत्तारामच्या भुवया लगेच वर गेल्या. निखिलबरोबर त्याची बायको होती. नागेशनं ओळख करून दिली, "ही आपली विनिता वहिनी. इथं ऊद मेथा भागात राहते, तिथंच शाळेत शिकवते. आणि या रुपाली वहिनी."

रुपालीच्या हातातली कोथिंबीर वडीची ताटली तिरकी झाली. मग ती म्हणाली, "हॅलो, नाइस टू मीट यू."

विनितानं तिरक्या ताटलीकडे पाहिलं. मग तीही म्हणाली, "हॅलो."

आता मला सांगा, मराठी बाई मराठी बाईला वडीची ताटली हातात धरून इंग्रजीत नमस्कार करते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय की नाही? माझी गोटी हलली.

त्या वर्षी अंदाज सांगायची पाळी आली तेव्हा निखिलनं मला हातात घेतलं आणि पाठ करून आलेल्या पोराप्रमाणे म्हणाला, "मुली सेमीफायनलला हरतील. आपली सेंटर डाव्या बाजूला वळत नाही. समोरच्यांना ते कळलं की खलास." सगळे हसले. ज्याला ड्रिबल आणि पास यातला फरक सांगावा लागतो, तो सेंटरच्या वळण्यावर बोलतोय! पण सीझन झाला आणि शब्द न् शब्द खरा ठरला. मी ऊद मेथाला गेले. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

पहिल्याच आठवड्यात मला तिथं सगळं कळलं. दुपारी विनिता शाळेतून आली, तिची मुलगी ईशानी आत अभ्यासाला गेली. विनितानं लॅपटॉप उघडला. सांगलीची पोरं प्रॅक्टिस मोबाइलवर लाइव्ह दाखवतात, ती बघत बसली. बघता बघता तिनं मला उचललं, माझ्या तोंडावरच्या खळग्यांवर अंगठा फिरवला आणि मला ओठात धरलं. वाजवलं नाही, नुसता श्वास सोडला. अहो, मी हादरले! हे ओठ माझ्या ओळखीचे होते. प्रॅक्टिसला सर थकले की कॅप्टनला म्हणायचे, धर, तू वाजव. कदम होती ती! सगुणा कदम!

आता कसं ओळखणार होतं कोणी? आपल्याकडची रीत माहीत आहे ना. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं विनिता, झाली ती विनिता. आडनाव गेलं, नाव गेलं, आणि इथं आल्यावर तेही नको, नुसतं वहिनी. एवढी मोठी कॅप्टन ताटभर तांदळात नाहीशी झाली आणि लोक तिला जगभर शोधून शिव्या देत होते.

"अगं, सांगून टाक ना त्यांना," निखिल म्हणाला. "अंदाज तुझे आणि वाहवा माझी. मला ऑकवर्ड होतं."

"नको. त्यांना कदम फक्त शिव्या द्यायला पाहिजे. शपथ घे, बोलणार नाहीस."

त्यानं शपथ घेतली. मग जरा वेळानं हळूच विचारलं, "पण खरंच, तू बॉल का नाही टाकलास?"

विनितानं स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाली. म्हणजे नवऱ्यालाही सांगेना! तिचा मला लळा लागला होता, खोटं कशाला बोलू, पण संशय काही जाईना. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. हिच्या मनात काय होतं? आणि ती रुपाली हिला ओळखूनही गप्प का? दोघी दर दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी भेटायच्या, शेजारी उभ्या राहून कांदा चिरायच्या, एकमेकींना वाटी-चमचा द्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

यंदाचा ऑगस्ट आला. करामात सगळे जमले. दत्ताराम आला तोच तयारीनं. चहा यायच्या आत त्यानं सुरुवात केली.

"नागेशभाऊ, अंदाज नंतर. आधी माझा एक इश्यू आहे. सलग तीन वर्षं एकच माणूस बरोबर? ज्याला फाउल कळत नाही? धिस इज नॉट लक, बॉस. ह्याचा तिकडे कोणी तरी माणूस आहे. आतल्या बातम्या येतायत ह्याला."

निखिलच्या मुठीत मी होते, तरी बोलत होता दत्ताराम. इतका घाम की मी निसटत होते.

"सोर्स सांग आपला," दत्ताराम म्हणाला. "नाहीतर ग्रुप सोड. चीटिंग करणारा माणूस आम्हाला नको. बरोबर ना, नागेशभाऊ?"

नागेशनं चष्मा काढून पुसायला घेतला. बाकीचे मोबाइलमध्ये बघायला लागले. म्हणजे संशय सगळ्यांनाच होता, फक्त तोंड दत्तारामचं होतं.

परदेशात ग्रुप सोड म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. गणपतीला बोलावणं नाही, रात्रीअपरात्री पोर तापलं तर हक्कानं फोन करायला माणूस नाही. निखिलला ते कळत होतं. त्याच्या एका शब्दानं सगळं मिटलं असतं. पण त्यानं घेतलेली शपथ मोडली नाही. "सोर्स नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मी जातो." आणि मला टीपॉयवर ठेवून उठला.

"बघा!" दत्ताराम म्हणाला. "शेवटी कोल्हापूरचाच ना! ती कदम तिकडेच विकली गेली, हा तिकडूनच आलाय."

ईशानी दाराशी बूट घालत म्हणाली, "आई, व्हाय इज अंकल शाउटिंग अ‍ॅट बाबा?"

विनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. ती सरळ चालत आली, पिठाच्या हातानंच मला उचललं आणि वाजवलं. काय वाजले मी! किती वर्षांनी कोणी मला छातीतून वाजवलं होतं. खाली लियाकतभाईच्या कॅफेटेरियातले लोकसुद्धा गप्प झाले असतील.

"शिट्टी माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "आता मी बोलणार. आतली बातमी मी देते निखिलला. प्रॅक्टिस मी बघते, अंदाज माझे आहेत. मी सगुणा कदम."

नागेशचा चष्मा नाकावर आला. दत्तारामनं तोंड उघडलं, नियम आठवून मिटलं, आणि मग न राहवून उघडलंच. "मग... मग बॉल का नाही टाकला?"

"माझ्यावर दोघी होत्या. एक मुलगी रिंगखाली मोकळी होती. मी तिला पास दिला. तिनं टाकला, रिंगवर आपटून बाहेर गेला. एवढंच झालं."

मला सरांच्या खिशात ऐकलेला तो आवाज आठवला.

"कोण मुलगी?" दत्ताराम म्हणाला.

"ते मी सांगणार नाही."

"वा! फारच सोयीचं आहे हे. अशी कोणी मुलगीच नव्हती, म्हणून नाव नाही."

"मोकळ्याला पास द्यायचा, हे सरांनी शिकवलं," विनिता म्हणाली. "चुकलं तर तिचं नाव घ्यायचं, हे नव्हतं शिकवलं. सरांनीपण कधी घेतलं नाही. तुम्हाला मला विकलेली म्हणायचंय ना? म्हणा. पण माझ्या नवऱ्याला चोर म्हणायचं नाही. यल्ला, ईशानी, चल."

ती मला टीपॉयवर ठेवायला वाकली, तेवढ्यात एका हातानं मला मध्येच घेतलं. थंडगार हात. हा तळहात मला माहीत नव्हता, कारण त्यानं मला कधी धरलंच नव्हतं. रुपाली होती ती.

तिनं मला वाजवलं नाही. दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी राहिली. शिट्टी तिच्या हातात, म्हणून बाकी कोणाला बोलता येईना, आणि तिला बोलता येईना.

"मी होते," शेवटी ती म्हणाली. "रिंगखाली मी होते."

दत्ताराम म्हणाला, "काय बोलतेयस तू, रुपाली?"

"शिट्टी माझ्याकडे आहे. तू गप्प बस." "घरी तू दर वेळी त्या मॅचची गोष्ट सांगायचास, मला वाटायचं आता सांगावं. पण तू इतका हसायचास. म्हटलं, तिचं नाव आहे तोवर माझं नाही येणार. मग ही समोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता ही सांगेल. हिनं एकदाही सांगितलं नाही."

विनिताकडे शिट्टी नव्हती, पण तिनं विचारलंच. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं, ते.

"पास चांगला होता ना गं?"

रुपाली रडायला लागली. "छातीवर आला होता, सगुणा. अगदी छातीवर आला होता."

दत्ताराम उठला, गाडीची किल्ली उचलली आणि खाली गेला. थोड्या वेळानं रस्त्यावर हॉर्न वाजला. मग परत वाजला, लांबलचक.

"वाजू दे," रुपाली म्हणाली, डोळे पुसले आणि पिठाचा गोळा हातात घेऊन विनिताशेजारी पोळ्या लाटायला उभी राहिली.

माझं म्हणाल तर, यंदाचे अंदाज त्या दिवशी राहूनच गेले, त्यामुळे मी कोणाच्याच घरी गेले नाही. नागेशच्या टीव्हीखाली पडून आहे. मुलामा बराचसा उडालाय, गोटी झिजलीय, पण अजून वाजते. दत्ताराम माफी मागेल का, पुढच्या वर्षी येईल का, मला शंकाच आहे. माणसाची उडी दरवर्षी वाढवून सांगणारी ही माणसं उद्या ही दुपारसुद्धा वाढवून सांगतील, आणि जे आले नव्हते ते सगळ्यांत जोरात सांगतील.

म्हणून जाता जाता एक विनंती करते. तुमच्या घोळक्यातही एखादी कदम असेलच, जिच्या नावानं तुम्ही दरवर्षी मांडीवर थाप मारता. पुढच्या वेळी थाप मारण्याआधी सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की बाबा रे, तू तिथं होतास का? आणि तो हो म्हणाला, तर त्याच्या बायकोकडे बघा.